चार पात्यांची शेपटी

कप्तान खरं तर कप्तान नव्हता. तो फेरीबोटीचं इंजिन सांभाळायचा. पण घरीदारी सगळे त्याला कप्तानच म्हणत, बायकोसुद्धा. गेल्या वर्षी भर पाण्यात, बोटीवरच त्याच्या छातीत कळ आली. बचाव पथकाच्या हेलिकॉप्टरनं उचलून दवाखान्यात नेलं, म्हणून वाचला. बरा झाल्यावर त्यानं त्याच हेलिकॉप्टरची रिमोटवर उडणारी हुबेहूब प्रतिकृती करायला घेतली.

रंग जुळला, दारं जुळली. शेपटीच्या पंख्याला मात्र दोनच पाती होती. खऱ्याला चार.

"कोण मोजायला येतंय?" बायको म्हणाली.

"मी मोजलीत. दवाखान्याच्या गच्चीवर मला उतरवत होते तेव्हा. पंखा थांबत आला होता."

बायको दातांच्या कवळ्या बनवायची. कप्ताननं ओळखीच्या लेथवाल्याकडून चार पाती बसतील असा पंख्याचा मधला भाग, नवा तुंबा, करून आणला, आणि तिनं आपल्या बारीक वजनकाट्यावर पाती तोलून, जड होती ती घासून चारही एका वजनाची केली.

रविवारी दोघं मोकळ्या मैदानात गेली. हेलिकॉप्टर कमरेइतकं वर गेलं आणि शेपटी लटलट हलायला लागली. कप्तानचा चेहरा उतरला.

"खाली घे," ती म्हणाली. "सावकाश."

ते धप्पकन टेकलं, पण सरळ टेकलं. तिनं आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हेलिकॉप्टरकडे. कप्तान गुडघे टेकून पाती चाचपत राहिला. सगळी घट्ट होती.

"माझ्या घासण्यात काही राहिलं का?"

"नाही गं. शेपटी सरळ धरायला आत जायरो असतो. आता पाती चार, म्हणजे जोर वाढला. पण जायरो अजून दोनच्याच हिशेबानं चाललाय. जरा कुठे हललं की हा जोरात ओढतो, मग परत उलटा ओढतो."

"म्हणजे उगाच जास्त काळजी करतोय."

"हो. तुझ्यासारखी."

ती हसली नाही, पण रागावलीही नाही. त्यानं रिमोटवर जायरोची ओढ कमी केली आणि पुन्हा उडवलं. शेपटी एकदा लचकली. त्यानं आणखी थोडी कमी केली.

मग हेलिकॉप्टर हवेत टांगल्यासारखं स्थिर राहिलं. त्यानं ते हळूच वळवलं. नाक जिथे थांबवलं तिथेच थांबलं. बायको मटकन गवतावर बसली. हे पडून फुटलं तर हा माणूस पुन्हा अंथरूण धरेल, ही धास्ती आपण आठवडाभर उराशी घेऊन फिरत होतो, हे तिला आता कळलं. मोठा श्वास सुटला. डोळे पाणावले, ते तिनं पुसलेही नाहीत.

"उतरवू का?" कप्ताननं मान न वळवता विचारलं.

"बॅटरी आहे ना अजून?"

"आहे."

"मग राहू दे की वर."