एस. जी., शेतकऱ्याची बायको

आयर्लंडातल्या आमच्या मेयो जिल्ह्यात एखादी बाई दिसेनाशी झाली की ती अमेरिकेला गेली, असं खुशाल समजायचं. विहिरीत पडलेलीसुद्धा अमेरिकेलाच जाते. विचारणाऱ्याचं तोंड बंद होतं आणि घरच्यांची मान ताठ राहते.

नुआलाची आजी सबिना गेराटी अशीच गेली. १९०९ साली, तान्ही मुलगी पाळण्यात टाकून. ती तान्ही म्हणजे नुआलाची आई, डेलिया. आता एकोणनव्वदीची झाली होती, नन्सच्या वृद्धाश्रमात खाटेला खिळली होती, पण जीभ मात्र ठणठणीत. "मला टाकून गेली ती सटवी," हे वाक्य नुआलाने लहानपणापासून प्रार्थनेपेक्षा जास्त वेळा ऐकलं होतं. आईने डोळे मिटायच्या आत तिला सांगायचं, तुझी आई कुठे गेली आणि का गेली. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून पाच वर्षं नुआला या एकाच ध्यासापायी झिजत होती.

आधी तिने चर्चचं दप्तर धुंडाळलं. फादरांच्या बैठकीत बसून, थंडगार चहा समोर ठेवून, उंदरांनी कुरतडलेल्या वह्या चाळल्या. सबिनाचा बाप्तिस्मा १८८२. मार्टिन गेराटीशी लग्न १९०३. डेलियाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १९०९. त्यानंतर सबिनाचं नाव नाही. मेल्याची नोंद गावातही नाही न् तालुक्यातही नाही.

मग जनगणना. जिल्हा ग्रंथालयातल्या फिल्मच्या यंत्रापुढे बसून तिने डोळ्यांची वाट लावून घेतली. १९११च्या फॉर्मवर आजोबा मार्टिनने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: विधुर.

"मेली म्हणावं तर मेल्याची नोंद नाही," नुआला वैतागली, "आणि मेलेली बाई बोटीत बसते कशी?"

ग्रंथपाल फिन्टन हसला. "जनगणनेवर विश्वास ठेवतेस होय? याच फॉर्मवर तुझी पणजी बघ. १९०१ला बावन्न, १९११ला एकाहत्तर! मधे सरकारने सत्तरीचं पेन्शन काढलं ना. आख्खं मेयो दहा वर्षांत वीस वर्षांनी म्हातारं झालं."

दर रविवारी नुआला आईला हकिकत सांगायची. "बोस्टन बघितलंस का?" डेलिया विचारायची. बोस्टन झालं की न्यूयॉर्क, न्यूयॉर्क झालं की शिकागो. नुआलाने बोटींच्या याद्या मागवल्या, परक्या गावांतल्या पाद्र्यांना पत्रं लिहिली. एक सबिना सापडली, ती निघाली सत्तर वर्षांची कुमारिका.

शेवटी फिन्टनच म्हणाला, "घरांचे फॉर्म संपले. आता संस्थांचे बघ. तुरुंग, अनाथालय, वेड्यांचं इस्पितळ."

"आमच्या घरात वेडं कुणी नव्हतं," नुआला फटकन म्हणाली.

"कुणाच्याच घरात नव्हतं गं बाई. तरी सातशे खाटा भरलेल्या होत्या."

त्या यादीत नावं नव्हती. वेड्याचं नाव लिहून घराण्याची अब्रू कशाला घालवायची, म्हणून नुसती आद्याक्षरं. नुआला ओळीमागून ओळ बोट फिरवत गेली आणि अकराव्या पानावर तिचं बोट थांबलं. एस. जी. स्त्री, वय एकोणतीस, कॅथलिक, शेतकऱ्याची बायको, विवाहित. आजाराची मुदत दोन वर्षं. कारण: बाळंतपण.

इस्पितळ गावापासून बावीस मैलांवर. बाजाराची बस दर शुक्रवारी त्याच्या भिंतीला घासून जायची. त्या बसमधून आईच्या मांडीवर बसून नुआला स्वतः शंभरदा गेली असेल.

जुन्या कागदांची फाइल मिळवायला आणखी चार महिने लागले. सबिना वारली १९५३ साली. म्हणजे नुआला पंधरा वर्षांची होईपर्यंत तिची आजी त्या भिंतीआड चादरी शिवत जिवंत होती. आणि फाइलमध्ये १९३१चं एक पत्र होतं, डॉक्टरने घरच्या पत्त्यावर पाठवलेलं: रुग्ण शांत आहे, काम करते, नात्यातल्या कोणी सही केल्यास घरी नेता येईल. पत्र परत आलं होतं. मागच्या बाजूला निळ्या शाईत एकच ओळ: "या नावाच्या बाईला इथे कोणी ओळखत नाही."

ते अक्षर नुआलाने ताबडतोब ओळखलं. याच अक्षरात आई तिच्या शाळेच्या वह्यांवर तिचं नाव घालायची. खुर्ची ओढून ती बसली आणि कारकुनाच्या देखत तिने एक सणसणीत शिवी हासडली.

त्याच दुपारी ती वृद्धाश्रमात गेली. कोटही न काढता तिने सगळं सांगितलं. डेलियाने मान खिडकीकडे वळवली.

"बाबा गेल्यावर आत्याने सांगितलं होतं मला, ती कुठे आहे ते," ती म्हणाली. "पत्र आलं तेव्हा माझं लग्न जमत आलं होतं. मध्यस्थ चुलीपाशी बसून चहा पीत होता. गाई किती, जमीन किती, ते मागाहून. आधी विचारायचे, घरात क्षय आहे का, वेड आहे का. मी नाही म्हटलं. एकदा नाही म्हटल्यावर कुठून आणू तिला?"

"आणि मला पाच वर्षं शिकागोत हिंडवलंस?"

"तू शिकागोत होतीस तोवर इथे बघत नव्हतीस. आता हळू बोल, सिस्टर ऐकतील. लोक काय म्हणतील?"

"आई, एकोणनव्वद वर्षांची आहेस तू. आता कोण तुझं लग्न मोडणार आहे?"

"तेव्हा मोडलं असतं तर तू नसतीस."

"नसते तर नसते!"

सिस्टर चहा ठेवून गेली. डेलियाचे हात गोधडीवर चुळबुळ करत होते. "तिने," म्हातारीने अगदी खालच्या आवाजात विचारलं, "माझ्याबद्दल विचारलं का गं कधी?"

नुआलाच्या पिशवीत वॉर्डाच्या नोंदींची प्रत होती. तिने आईच्या वाळक्या मानेकडे पाहिलं आणि तिला कीव आली. कितीही केलं तरी आईच होती.

"तसं काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

डेलियाने लांब श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग परतला. तिने बिस्कीट उचलून चहात बुडवलं.

"बघ! मी म्हणत नव्हते? काळीजच नव्हतं तिला. पोटची पोर, पण साधं विचारलंसुद्धा नाही. सटवी ती सटवीच."

नुआलाची कीव तिथल्या तिथे आटली. तिने आईच्या हातातलं बिस्कीट काढून बशीत ठेवलं, टेबलावरचा चष्मा तिच्या नाकावर चढवला आणि पिशवीतला कागद तिच्यापुढे धरला. १९३१पासून वॉर्डातल्या नर्सने वर्षाला एक ओळ लिहिली होती. नर्सा बदलल्या, अक्षरं बदलली, ओळ बदलली नाही: रुग्ण विचारते, डेलिया मला न्यायला कधी येणार.

"वाच," नुआला म्हणाली. "मोठ्याने. बावीसच्या बावीस."