तासाला अठरा टक्के

गिरणी चालू असताना माणसाला ओरडून बोलावं लागतं, म्हणून नवराबायकोचं भांडण कुणी माझ्याकडं आणत नाही. त्या सकाळी मात्र आबांचा लेक पुढं आणि सून मागं, असे दोघं भांडतच उंबऱ्यातून आत आले. मी मोटर बंद केली. दगड थांबेपर्यंत दोघं गप्प राहिले आणि थांबल्याबरोबर पुन्हा सुरू झाले.

"काका, तुम्हीच सांगा हिला," लेक म्हणाला. "आठ दिवसांत बी टाकलं नाही तर वाडी गेली. आणि ही म्हणते, आबांची सोय झाल्याशिवाय मी नदीवर पाय ठेवणार नाही."

"सोय म्हणजे काय ते पण सांगा काकांना," सून म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. चढवत नाही ती, त्यामुळंच तो जास्त चिडतो.

आबा म्हणजे गावातले पाथरवट. माझ्या गिरणीच्या दगडांना टाकी लावायला तीस वर्षं तेच आले. दगड झिजून गुळगुळीत झाला की पीठ गरम येतं; मग दगड उलटा पाडून छिन्नीनं त्याला पुन्हा खरबरीत करायचं, ते काम. दिवसभर दगडावर वाकून ठोकत राहायचे. तोंडाला फडकं कधी बांधलं नाही, आणि बांधा म्हणून मीही कधी म्हटलं नाही. ती सगळी धूळ छातीत जाऊन बसली. दोन वर्षांपासून घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. विजेवर चालतं, हवा ओढतं आणि नळीतून नाकाला देतं. रात्री झोपताना लागतंच, आणि दिवसा दम लागला की तेव्हाही.

आता या लोकांची कलिंगडाची वाडी नदीच्या पात्रात. पाणी ओसरलं की वाळूत चर काढायचे, खत घालायचं, बी लावायचं आणि फळ निघेपर्यंत तिथंच तंबू ठोकून राहायचं, नाहीतर रानडुकरं एक वेल ठेवत नाहीत. तिथं विजेचा खांब नाही. घरी आबांना एकटं ठेवायचं नाही.

"बाजारात बॅटरीच्या पेट्या आल्यात," लेक म्हणाला. "सहलीला जाणारे लोक नेतात तसल्या. एका हातात उचलायची, हवं ते यंत्र लावायचं. दुकानदार म्हणाला, रात्रभर चालतं."

"दुकानदार म्हणाला," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पो काढला. मोटरा आणि वायरी मला कळतात, म्हणून मला बरोबर घेतलं. मागं बघतो तर सुनेनं आबांना बसवलेलं, आणि त्यांच्याशेजारी गोधडीत गुंडाळलेलं ते यंत्र.

"हे कशाला?" लेकानं विचारलं.

"ज्याच्यासाठी पेटी घ्यायची, ते लावून बघायला नको?"

दुकान मोठं होतं, पंखे-मिक्सरचं. दुकानदारानं दोन पेट्या काउंटरवर ठेवल्या. एक लहान, जेवणाच्या डब्यांच्या पिशवीएवढी, बाजूला दिवा, समोर आकडे दाखवणारी काच. दुसरी दोन हातांनी ओढून आणली. किंमत लहानीच्या तिप्पट.

"तुमच्या कामाला लहान बास," तो म्हणाला. "आठ तास कुठं गेले नाहीत."

"कशाचे आठ तास?" सुनेनं विचारलं.

"कशाचेही, वहिनी. दिवा, पंखा, मोबाईल."

सुनेनं गोधडी सोडली, यंत्र फरशीवर ठेवलं, आबांना खुर्चीवर बसवलं, नळी त्यांच्या नाकाला लावली आणि पिन लहान पेटीत घातली. यंत्र घुरघुरायला लागलं. काचेवर आकडा आला, तीनशे दहा. सुनेनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि तीही स्टुलावर बसली.

"आता काय करायचं?" दुकानदारानं विचारलं.

"आठ तास बघायचे."

गिऱ्हाइकं यायची, थबकायची, आबांकडं बघायची आणि पुढं व्हायची. लेकाचा चेहरा लाल झाला होता. "लोक काय म्हणतील," असं तो माझ्या कानात पुटपुटला. मी काचेकडं बघत होतो. गिरणीत मी रोज हाच हिशेब करतो, मोटर किती खाते आणि किती वेळ. पेटीवर पाचशे लिहिलेलं. यंत्र तासाला तीनशे खाणार. मला कळलं होतं, पण मी बोललो नाही. सुनेला डोळ्यांनी बघायचं होतं, आणि लेकालाही बघू द्यायचं होतं.

एक तास झाला तेव्हा काचेवर सत्तावीस टक्के राहिले. दुकानदार म्हणाला, "शेवटचे टक्के हळू जातात." ते हळू गेले नाहीत. आणखी वीस मिनिटांनी पेटी तीनदा टीं-टीं वाजली आणि यंत्राची घुरघुर बंद झाली. दुकानात एकदम शांत वाटलं. मग आबांचा श्वास ऐकू यायला लागला, शिट्टीसारखा, प्रत्येक वेळी थोडा वर चढणारा.

सुनेनं भिंतीवरच्या प्लगमध्ये पिन घातली आणि आबांचा हात धरून बसली. लेक त्या मेलेल्या काचेकडं बघत राहिला. रात्री दोन वाजता तंबूत हे झालं असतं तर, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मोठी लावा," सून म्हणाली.

"वहिनी, नवा माल असा वापरून देता येत नाही."

"मग आम्ही पण असा घेत नाही."

आबांनी नळी जरा बाजूला केली. "लाव रे बाबा," ते दुकानदाराला म्हणाले. "आम्ही दगड घ्यायला जायचो तेव्हा आधी हातोडीनं वाजवून बघायचो. खाणवाल्याला कधी राग आला नाही."

मोठी पेटी तासभर चालवली. शंभराचे ब्याऐंशी झाले. तासाला अठरा टक्के. सुनेनं बोटांवर मोजलं आणि माझ्याकडं बघितलं. "साडेपाच तास, काका?"

"साडेपाच," मी म्हणालो. "त्याच्या वर नाही."

"आणि रात्र नऊ तासांची," लेक म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "म्हणजे वाडी सोडायची."

मग सून म्हणाली, "रात्री आबा घरीच झोपतील, तिथं वीज आहे. मी त्यांच्याजवळ. वीज गेली तर ही पेटी. सकाळी आम्ही दोघं वाडीवर येऊ पेटी घेऊन, संध्याकाळी परत. रात्रीची राखण तुम्ही करा."

"रोज कोण आणणार, कोण नेणार?"

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. माझ्या दगडांची धूळ होती त्या छातीत. मी होय म्हणालो.

पैसे देण्याआधी सुनेनं ती पेटी स्वतः उचलली. सत्तावीस किलो. काउंटरपासून दारापर्यंत गेली, परत आली, खाली ठेवली आणि मगच म्हणाली, "जमेल."

दीड महिना तसंच चाललं. वेल वाळूवर पसरले, फळं मुठीएवढी झाली. आबा तंबूच्या सावलीत बसून कुठल्या वेलाला पाणी जास्त झालं ते सांगायचे. दम लागला की नळी लावायची. वाडी म्हणजे एक बेटच होतं. अलीकडच्या काठापासून घोट्याएवढ्या पाण्याचा एक फाटा ओलांडला की तिथं पोचायचं.

त्या दिवशी आमच्याकडं लख्ख ऊन होतं. वर डोंगराकडं मात्र आभाळ काळंनिळं झालेलं. तीन वाजता सुनेचा फोन आला.

"काका, पाणी वाढलंय. सकाळी घोट्याला होतं, आता कमरेला लागतंय. आबांना दुपारपासून नळी लावलीय, काढली की दम लागतो. पेटीत अठ्ठावन्न टक्के आहेत."

"म्हणजे तीन तास," मी म्हणालो.

"तीन तास आणि दहा मिनिटं. घरी पोचायला अर्धा तास धरा. पेटी पंचवीस टक्क्यांवर यायच्या आत मला यांना पलीकडं आणायचंय. काहीतरी तरंगणारं आणा, आणि दोर."

मागून लेकाचा आवाज येत होता, "मी खांद्यावर घेतो त्यांना, आत्ताच निघतो," आणि ती त्याला म्हणत होती, "तुमचा पाय घसरला तर? वेळ आहे आपल्याकडं. किती आहे ते मला माहीत आहे." फोन बंद झाला.

पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा घेतल्या, हवा भरून टेम्पोत टाकल्या, पंक्चरवाल्यालाही बसवला. काठावर पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. पाणी तांबडं झालेलं, काटक्या-कुटक्या वाहून येत होत्या. पलीकडं, तीसेक पावलांवर, लेक छातीएवढ्या पाण्यात उभा राहून दोर मागत होता. त्याच्या मागं वाडीचा खालचा अर्धा भाग पाण्याखाली गेलेला दिसत होता. तो मागं बघत नव्हता.

दोर दोन्ही काठांना बांधला. ट्यूबा पलीकडं ओढून घेऊन लेकानं आणि सुनेनं त्यांच्यावर तंबूतली खाट करकचून बांधली. मग दोघांचं वाजलं. पाण्यावरून आवाज स्पष्ट येत होता.

"आधी पेटी आणि यंत्र पाठवू," लेक म्हणत होता. "वजन जास्त झालं तर उलटंल."

"आणि तोवर आबा बिननळीचे बसतील? मग परत खाट येणार, मग ते जाणार. नाही. एकदाच. आबा आणि पेटी बरोबर."

"आणि उलटली तर?"

आबाच बोलले, खाटेच्या काठावर बसून, दोन-दोन शब्द तोडून. "मी पन्नास किलोचा पण नाही. बसव मला."

पाण्यात वीज नको म्हणून सुनेनं पेटी बंद केली. पेटी आणि यंत्र ताडपत्रीत गुंडाळून आबांच्या पायांशी बांधलं. नळी काढली. तिथून पुढं घड्याळ चालू झालं. लेक एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला, दोघंही गळ्यापर्यंत पाण्यात, एक हात दोरावर आणि एक खाटेला. आम्ही दोघं अलीकडून ओढत होतो. मध्यावर आल्यावर एक बाभळीची फांदी वाहत आली आणि खाटेला अडकली. खाट तिरकी झाली. आबांनी दोन्ही हातांनी खाटेचे बाजूचे दांडे धरले. डोळे मिटले नाहीत. लेकानं दोर सोडला.

मला वाटलं, तो वाहून गेला. पण त्यानं दोर सोडला तो फांदी काढायला. खाटेला एका हातानं लटकून दुसऱ्यानं त्यानं ती फांदी खाली दाबली, खाटेखालून पलीकडं जाऊ दिली. हाताचं कातडं सोलून निघालं. सून पाय कुठं टेकतोय ते चाचपत, एकेक पाऊल रेटत राहिली. "ओढा काका," एवढंच म्हणाली.

काठाला लागलो तेव्हा आबांचे ओठ निळसर झाले होते आणि मान छातीवर आली होती. सुनेनं ओल्या हातांनी ताडपत्री फाडली. मग थांबली. हात माझ्या सदऱ्याला पुसले, कोरडे करून घेतले आणि मगच पिन लावली. पेटीचा दिवा लागला. यंत्र घुरघुरलं. नळी नाकाला लावली. आम्ही चौघंही वाकून उभे होतो.

चार-पाच मिनिटांनी आबांनी मान उचलली. नदीकडं बघितलं. "खालच्या अंगाची कलिंगडं गोड जातीची होती," ते म्हणाले.

लेक मटकन वाळूत बसला आणि रडायला लागला. वाडीसाठी की बापासाठी, मी विचारलं नाही. सून त्याच्याशेजारी बसली नाही, तिनं काचेवर बघितलं, तेवीस, आणि म्हणाली, "उठा. अर्धा तास रस्ता आहे."

पाणी दोन दिवसांनी उतरलं. खालची निम्मी वाडी गाळाखाली गेली होती. वरचे वेल तेवढे राहिले, तेही मलूल. मला वाटलं, आता आबांना कुणी नदीवर नेणार नाही. टेम्पोची चाकं धुऊन मी गिरणी चालू केली.

पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोर टेम्पोत आबा बसलेले. डोक्याला फडकं बांधलेलं, अंगावर स्वच्छ सदरा.

"आबा, आणखी चार दिवस घरी बसा," मी म्हणालो.

"वेलांवरचा गाळ धुतला की नाही, ते कोण बघणार?" ते म्हणाले. "पोराला नुसतं पाणी घालता येतं."

लेकाच्या हाताला अजून पट्टी होती. तो सुनेच्या मागोमाग पेटी घेऊन आला, ती टेम्पोत बापाच्या पायांशी ठेवली आणि वाकून काचेवर बघितलं. मग बायकोकडं वळून म्हणाला, "शंभर आहेत. निघायचं का?"

"निघू या," ती म्हणाली.