बुचातल्या खोल्या

“पान जरा हळू उलटा. फाटलं तर दुसरी प्रत लंडनहून मागवावी लागेल,” सर जेफ्री म्हणाले. सुजलेला पाय उशीवर टाकून ते खिडकीशी बसले होते. ॲम्ब्रोज थर्केल त्या पायाला लेप लावायला आला होता. हात पुसून त्याने मांडीवरचे जाडजूड पुस्तक सावरले आणि पान उलटले.

चित्र बुचाच्या कापाचे होते. काळ्या गोलात हारीने लागलेल्या चिमुकल्या खोल्या, मध्ये बारीक भिंती, आत काहीच नाही.

“बाटलीचं साधं बूच आहे हो. भिंगाखाली धरलं तर हे असं. लंडनच्या कुणा विद्वानानं शोधून काढलंय. मठातले साधू राहतात ना, त्या खोल्यांचंच नाव दिलंय त्यानं, ‘सेल’. आहे की नाही गंमत?”

ॲम्ब्रोज बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, “मी पाहिलंय हे.”

“कसं काय? पुस्तक तर कालच आलंय.”

“पुस्तकात नाही. घरी, माझ्या भिंगातून. दोन वर्षं होत आली.”

सर जेफ्री हसले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना हसू आवरले नाही. “आता गावोगाव हेच ऐकू येणार बघा. कोडं सुटलं की ते सगळ्यांनाच आधी सुटलेलं असतं. बरं, तो लेप गार झालाय वाटतं. गरम करता का?”

ॲम्ब्रोजने लेप गरम करून लावला, पट्टी बांधली आणि तो निघाला.

लाउथ गावात त्याचे औषधांचे दुकान होते. वडिलांचेही तेच होते. जुलाब, खोकला, गाठी, ताप यांत त्याचे आयुष्य चालले होते. एका डच तांडेलाला त्याने तापातून उठवले, तेव्हा त्या तांडेलाने जाताना बारकी वस्तू मोठी दाखवणारी भिंगांची एक नळी त्याच्या हाती ठेवली. तेव्हापासून दुकानाची मागची खोली नळीची झाली. नळीला ऊन लागे, आणि त्या मुलखात ऊन म्हणजे पाहुणाच. ऊन असेल तेव्हा बुचाचा काप जाड निघे, आणि काप पातळ साधला की आभाळ भरून येई. एप्रिलातल्या एका दुपारी मात्र दोन्ही जुळले. त्याने बायकोला हाक मारली. टॅमसिन पिठाच्या हातांनीच आली आणि एक डोळा मिटून वाकली.

“मधाचं पोळं दिसतंय,” ती म्हणाली, “पण मध नाही.” मग सरळ उभी राहून म्हणाली, “अहो, लंडनला कळवा हे. तिथं अशा गोष्टी बघणाऱ्यांची मंडळी जमते म्हणतात.”

“कळवतो की. आधी दुसरं बूच बघतो. या एकाच बुचात काही खोट असली तर? हसतील लोक.”

दुसऱ्या बुचातही खोल्या होत्या. मग त्याने गाजर कापले, लव्हाळा कापला, एल्डरच्या झुडपाच्या काडीतला गाभा कापला. सगळीकडे खोल्या. तेव्हा त्याला नवीनच शंका आली, की या खोल्या भिंगातच तर नसतील? एक अख्खा हिवाळा भिंगे पुसण्यात गेला. नाताळात टॅमसिनने विचारले, तर तो म्हणाला, “आणखी एकदा बघू दे.” त्यानंतर तिने विचारणे सोडून दिले.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने तिला पुस्तकाचे सांगितले. टॅमसिनने पावाचा तुकडा ताटलीत परत ठेवला.

“दोन वर्षं या घरातलं गाजर आधी तुमच्या वस्तऱ्याखाली गेलंय, मग चुलीवर,” ती म्हणाली. “मी एका शब्दानं बोलले नाही.”

“माझी खात्री होत नव्हती गं.”

“आणि त्याची झाली?”

“त्यानं जे दिसलं ते काढलं. एवढंच.”

“मग तुम्हाला काय दिसलं होतं?”

ॲम्ब्रोज पावाचे तुकडे करत राहिला. तिने ताटल्या गोळा केल्या, त्याची अर्धी भरलेलीसुद्धा.

शनिवारी सर जेफ्रींचा निरोप आला. रविवारी लिंकनहून पाहुणे येणार होते. थर्केलने आपली नळी आणावी आणि पुस्तकातली गंमत त्यांना प्रत्यक्ष दाखवावी.

“जाऊ नका,” टॅमसिन म्हणाली.

“नाही कसं म्हणू? निम्मं गाव त्यांच्या शब्दावर आपल्याकडे औषधाला येतं.”

“मग मीही येते.”

रविवारी आभाळ स्वच्छ होते. खिडकीतून भरपूर ऊन आत आले होते आणि वस्तऱ्याचा पहिलाच काप इतका पातळ निघाला, की ॲम्ब्रोजला तो दाराबाहेर भिरकावून द्यावासा वाटला. पाहुणे एकेक करून वाकले. कुणाला काहीच दिसले नाही, कुणाला स्वतःच्या पापण्या दिसल्या. पाद्र्यांच्या पत्नींना मात्र लगेच दिसले.

“अगंबाई, घरंच की ही,” त्या म्हणाल्या. “हे आधी कुणी पाहिलं हो?”

टॅमसिन दाराशी उभी होती. तिने मान वर केली. सर जेफ्रीही ॲम्ब्रोजकडे बघत होते, ओठांवर तेच जुने, दुष्टावा नसलेले हसू.

ॲम्ब्रोजने नळी थोडी उन्हाकडे वळवली.

“लंडनच्या एका गृहस्थांनी,” तो म्हणाला. “चित्रही त्यांनीच काढलंय. त्या पुस्तकात आहे.”

“बरोबर काढलंय?” बाईंनी विचारले.

“अगदी बरोबर. मला त्यात चूक सापडली नाही.”

परतीची वाट मेंढ्यांच्या कुरणातून होती. टॅमसिन पुढे चालत होती, घागरा चिखलातून वर धरून, मागे न बघता. ओढ्यावर कठडा लावलेली एकच फळी होती, आदल्या पावसाने बुळबुळीत झालेली. ती भराभर पार गेली. ॲम्ब्रोज अलीकडे थांबला. दोन्ही हात नळीची पेटी धरण्यात गुंतले होते, कठडा धरायला हात नव्हता.

तिने वळून पाहिले. मग ती फळीवरून परत आली, त्याच्या हातून पेटी घेतली आणि आतली भिंगे हलू नयेत म्हणून ती छातीशी सरळ धरून, एकेक पाऊल टाकत पलीकडे गेली.