दहापैकी चार

आमच्या फुटबॉल संघाच्या बचावफळीतल्या मधल्या पोरीला सगळे भिंत म्हणत. भिंतीलाही डोकं असतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चौदा वर्षं, देशासाठी नव्व्याण्णव सामने, नाक दोनदा मोडलेलं, भुवईला अकरा टाके, गोल एक, तोही आपल्याच जाळ्यात. संघाचे कपडे मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे हे माझं काम, त्यामुळे असले आकडे माझ्याकडे आपोआप साठतात. तिच्या शंभराव्या सामन्याचा शर्ट शिवून आला होता, छातीवर सोनेरी शंभर.

हंगामाच्या सुरुवातीला डॉक्टरबाई प्रत्येकीचं डोकं तपासतात. दहा शब्द वाचून दाखवतात, थोड्या वेळाने परत विचारतात. पुढे डोक्याला मार लागला की पुन्हा तीच परीक्षा; गुण पहिल्याइतके आले की पोरगी खेळायला मोकळी. यातली मेख पोरींनी केव्हाच हेरली होती. भिंतच नव्या पोरींना शिकवायची, "अगं, आधीच मठ्ठ व्हायचं. चारच सांगायचे. मग डोकं फुटलं तरी चार कुठे जातात?"

यंदाही ती चार सांगून आली आणि उरलेले सहा कपड्यांच्या खोलीत मला धडाधडा म्हणून दाखवले. "मावशी, पोटात ठेवा हं." ठेवलं. वर हसलेही.

नव्व्याण्णवाव्या सामन्यात कॉर्नरला तिचं डोकं समोरच्या पोरीच्या डोक्यावर आपटलं. आवाज आमच्या बाकापर्यंत आला. दहा दिवसांनी परीक्षा झाली. शंभरावा सामना चार दिवसांवर. ती नाचतच आली.

"चार! पास! आता फक्त सही बाकी."

"लबाड! बाकीचे सहा सांग बघू."

"कुठले सहा?"

"अगं, मुद्दाम गाळलेले."

"मुद्दाम कशाला गाळू? ते चार आठवतानाच घाम फुटला."

मी हातातले मोजे तसेच टाकले आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी तिला बोलावलं.

"सुरुवातीच्या परीक्षेत मुद्दाम चुकलीस?"

"मी?" तिने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, काय वैर आहे तुमचं माझ्याशी? शंभरावा आहे हो माझा."

खोटं बोलताना तिचा हात कानाच्या पाळीवर जातो. चौदा वर्षांत भले भले पंच फसले, मी नाही. आज दोन्ही हात मांडीवर होते.

डॉक्टरबाई सही करायला वाकल्या. "बघा की तिच्याकडे. खरं बोलतेय पोरगी."

"अगदी खरं बोलतेय," मी म्हटलं. "म्हणून तर आले."

पेन थांबलं. मग टोपण लागलं.

सोनेरी शंभर घडी न मोडता पेटीच्या तळाशी पडून आहे. भिंत माझ्याशी बोलत नाही, समोर आले तर तोंड फिरवते. का फिरवते ते तिला अजून आठवतं, तेवढं मी जमेला धरते.