ताईचा दुसरा नंबर

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या मामाला ठगांच्या जुन्या सिनेमांचं भारी वेड. रविवारी दुपारी बहिणीकडे जेवून झालं, की भाचीला शेजारी बसवून एखादा लावायचाच. पडद्यावरचा रुबाबदार भामटा बोलता बोलता कुणाला तरी टोपी घालायचा आणि हा मांडीवर थाप मारायचा, "बघ, बघ! काय डोकं आहे!"

त्या रविवारी भाचीने विचारलं, "चोर आला की आपण कडी लावतो. मग याला टाळ्या कशाला?"

"अगं, हा लोभी माणसालाच गंडवतो. साध्या माणसाच्या वाटेला जात नाही."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंनुसं झालं. आतल्या खोलीत ताई शिलाई मशीन चालवत गुणगुणत होती.

बारा वर्षांपूर्वी असाच एक सिनेमा पाहून त्याच्या अंगात किडा वळवळला होता. आवाज घोगरा करून त्याने ताईला फोन केला होता, "रेडिओ केंद्रातून बोलतोय. तुमचा अर्ज वाचला. मंगळवारी दहाला गाऊन दाखवायला या." संध्याकाळी आपणच फोडायचं आणि हसायचं, असा बेत. पण संध्याकाळपर्यंत ताईने गल्लीभर सांगून टाकलं होतं, आणि त्याची दातखीळ बसली. मंगळवारी दुपारी तो केंद्रावरून गेला, तर काचेतून ताई दिसली. बाकावर ताठ बसलेली, मांडीवर गाण्यांची वही. तो पाठ फिरवून चालता झाला.

पुढे त्या चाचणीत ताईचा दुसरा नंबर आला, पण घेतलं पहिल्यालाच, असं घरात कळलं. कुणा भल्या माणसाने खरंच ऐकून घेतलं असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. सोयीची होती ती.

तो उठून आत गेला. "ताई, तो रेडिओचा फोन... मी केला होता."

मशीन थांबलं. ताईने सुईखालचं कापड सोडवून बाजूला ठेवलं.

"तीन वेळा अर्ज केला होता मी. तुला माहीत होतं."

"हो."

"म्हणूनच विश्वास बसला. पाचपर्यंत बसले होते. शेवटी झाडूवाली म्हणाली, बाई, आज कुणाला बोलावलेलंच नाही."

"मग दुसरा नंबर?"

"काय सांगणार होते घरी? कुणीतरी थट्टा केली म्हणून? पहिला म्हणायची छाती झाली नाही, तेवढंच."

त्याला जमीन दुभंगावी असं वाटलं. "भावोजींना सांगतो मी. सगळं माझ्यावर घेतो."

"खबरदार!" ताईचा आवाज दबका पण धारदार होता. "तुझं मन हलकं होईल, आणि माझं काय? पोरगी शाळेत सांगते सगळ्यांना, आईचा रेडिओत दुसरा नंबर होता म्हणून."

तेवढ्यात भावोजी बाहेरून आले. भाची त्यांना म्हणत होती, "बाबा, गाण्याच्या स्पर्धेत नाव दिलंय मी."

"छान की! तुझ्या आईचा दुसरा नंबर होता. काय हो, खरं ना?"

भावोजी दारातून त्याच्याकडे हसून बघत होते. ताई खाली मान घालून सुईत दोरा ओवत होती, पण दोरा काही जात नव्हता.

"खरं," तो म्हणाला. "थोडक्यात पहिला हुकला."

भाचीने टाळ्या वाजवल्या. कानशिलं तापलेला मामा चपला शोधायला लागला.