जिभेच्या ठिगळातली टाचणी

मंडळी, एका शिंप्याची निम्मी जीभ मनगटाच्या कातडीची होती. थाप वाटते? माझ्या बाकीच्या गोष्टी खुशाल थापा समजा, ही तेवढी ऐकून घ्या.

त्याच्या गालात सदा तंबाखू. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा उठला, तेव्हा भीतीनं तो बायकोला म्हणाला, "काही नाही, टाचणी टोचली गं." वर्षभर रोज तीच टाचणी टोचत होती! शेवटी कॅन्सर निघाला आणि सर्जननं जिभेची डावी बाजू कापून तिथं हाताची कातडी शिवली. "टाके माझ्यापेक्षा बरे आहेत," शिंप्यानं कबूल केलं. पण त्या ठिगळाला ना चव, ना चटका. "संवेदना येईल हळूहळू, कदाचित," सर्जन म्हणाले होते. तंबाखू सुटली, आठ महिने तो ते 'कदाचित' चघळत होता.

एका सकाळी कोटाची बाही जोडताना जुन्या सवयीनं त्यानं सहा टाचण्या ओठांत धरल्या. बाहीला पाच लागल्या. सहावी?

टेबल झटकलं, जमिनीवर लोहचुंबक फिरवलं. नाही! तोंडात असली तरी कळणार कसं? गिळली असेल तर? थुंकी गिळायचीही हिंमत होईना. मानेवरून घाम ओघळला.

"चहा गार होतोय," बायको दारातून म्हणाली. "अहो, तोंडात काय आहे?"

"काही नाही." ओठ जेमतेम हलले.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. हेच शब्द तिनं वर्षभर ऐकले होते.

"पुन्हा सुरू केलीत?"

त्यानं जोरात मान हलवली.

"मग आ करा! मागच्या वेळी तुम्ही घाबरून लपवलंत आणि मी शहाणी, विश्वास ठेवला. तोंड मिटल्यानं आतलं दुखणं पळतं का? दाखवलंत तर मी निदान बॅटरी तरी धरीन!"

"टाचणी..." तो पुटपुटला, "या वेळी खरंच टाचणी गं!"

त्यानं तोंड उघडलं. ठिगळाच्या मधोमध टाचणीचं डोकं चमकलं. तिनं चिमट्यानं धरून ओढलं.

"आई गं!"

तिनं चिमटा बाजूला ठेवला.

"दुखलं?"

"दुखलं! ठिगळात दुखलं! अगं, पुन्हा टोच बघू!"

"वेड लागलंय तुम्हाला," ती म्हणाली आणि रडत रडत हसली. मग त्याला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली.

आता त्या दुकानात गाल फुगलेलं गिऱ्हाईक आलं, की शिंपी आरसा पुढे करतो. "माप नंतर, साहेब. आधी आ करा."

तुम्हीही करा. तोंडातला चट्टा पंधरा दिवसांत गेला नाही, तर बिचाऱ्या टाचणीवर आळ घेऊ नका. भीती वाटेलच, पण डॉक्टरांसमोर तोंड उघडा, आणि तंबाखूपुढे मिटा!