दोन केंद्रांचे एकमत

माझ्या भीतीची सुरुवात एका सुखद बातमीने झाली. संत निकोलाच्या सणाच्या सकाळी निश शहरातल्या गणनकेंद्रात मी एकटाच होतो. अकरा वाजून वीस मिनिटांनी पडद्यावर सूचना उमटली: डोंगरावरच्या दुर्बिणीने रात्रभरात टिपलेल्या आकाशाचे आठ हजार सहाशे चाळीस तुकडे निश आणि नोव्ही साद या दोन्ही केंद्रांनी तपासले असून दोघांचे निष्कर्ष तंतोतंत जुळले आहेत. एरवी या कामाला पाच तास लागतात. त्या दिवशी ते चार मिनिटांत आटोपले होते.

आमची रीत अशी. एका संगणकाला न पेलणारी ही रास आम्ही तुकडे करून दोन शहरांतल्या शेकडो यंत्रांना वाटतो. प्रत्येक तुकडा दोन्ही केंद्रांकडे जातो. दोन्हीकडे तयार झालेल्या प्रतींवरून एकेक आकडा काढला जातो, त्याला आम्ही ठसा म्हणतो. ठसे सारखे निघाले, की डोंगरावरची मूळ नोंद दुपारी बारापासून पुसली जाते, कारण तिथे पुढच्या रात्रीपुरती जागा उरत नाही. हा नियम माझा आहे. त्यासाठी मी एकदा सलग तीन तास भांडलो होतो.

मी ठसे उघडले. पहिल्या तुकड्याचा जो ठसा, तोच हजाराव्याचा, तोच शेवटच्याचा. आकाशाचे दोन भाग इतके सारखे कधीच नसतात. रिकाम्या फायली मात्र असतात. आदल्या संध्याकाळी दोन्ही केंद्रांत बसवलेल्या नव्या प्रणालीने काहीच लिहिले नव्हते, आणि एका शून्याचे दुसऱ्या शून्याशी पूर्ण एकमत झाले होते.

त्या रात्री तेओदोराचा तारा पेटला होता. आमच्या केंद्रातली ही संशोधक चार वर्षे त्या एकाच ताऱ्यावर नजर ठेवून होती. पहाटे तिने तो दुर्बिणीकडून येणाऱ्या लहान थेट चित्रात उजळलेला पाहिला. पण तो नेमका कधी आणि कसा उजळू लागला, हे त्या तुकड्यांखेरीज जगात कुठेही लिहिलेले नव्हते.

पुसणे थांबवायला संगणकात खुपसायच्या दोन किल्ल्या लागतात. एकट्याच्या लहरीवर काही थांबू नये, हाही माझाच आग्रह. दुसरी किल्ली माझ्या सहकारी व्लास्तिमिरकडे होती. तो माझ्या लग्नातला साक्षीदार, आमच्या भाषेत कुम, म्हणजे भावाहून जवळचा. सहा वेळा फोन केला, उचलला नाही. डोंगराचा रस्ता बर्फाने बंद होता, म्हणजे तिथे जाऊन हाताने थांबवणेही शक्य नव्हते. मी गाडी काढली आणि त्याच्या घरी गेलो.

संत निकोला त्याच्या घराण्याचा रक्षक, त्यामुळे दार सताड उघडे होते आणि आत बोलावणे न लागणाऱ्या पाहुण्यांची गर्दी. त्याची बायको देसांका उकडलेल्या गव्हाचे ताट घेऊन आडवी आली.

"या, कुम. आधी चमचाभर गहू."

"देसांका, तो कुठंय?"

"कुठं असणार? उभा आहे बिचारा सकाळपासून. सणाच्या यजमानानं बसायचं नसतं, हे तुम्हाला मी सांगायचं?"

मी छातीवर क्रुसाची खूण केली, गहू गिळला. व्लास्तिमिर हातात बाटली घेऊन आला.

"आलास? मला वाटलं, आज यंत्रांशीच वाद घालत बसशील."

"किल्ली दे. पुसणं थांबवायचंय."

"अरे, दोन्हीकडे जुळलं की पुसायचं, हे घसा कोरडा करून कोणी पटवलं? मी नकोच म्हणत होतो."

"जुळलंय ते रिकामं आहे. दोन्हीकडे."

त्याने बाटली खाली ठेवली. तेव्हा अकरा बावन्न झाले होते. मेजाच्या टोकाला बसलेल्या तेओदोराने मला पाहून पेला उंचावला.

"तिला सांगितलंस?"

"आधी थांबवू."

"भितोस?"

"हो."

किल्ली त्याच्या कोटाच्या खिशात होती, आणि तो कोट निजायच्या खोलीतल्या पलंगावर पाहुण्यांच्या चाळीसेक कोटांखाली. आम्ही ढीग उपसू लागलो. दारातून कोणी म्हातारी बजावत होती, "हळू रे बाबांनो, त्यात माझी फर आहे. चोरायचीच असेल तर निदान झटकून घ्या." मी हसू शकलो नाही. माझ्या बोटांना लोकरीचा आणि कातड्याचा फरकही कळत नव्हता.

किल्ली मिळाली तेव्हा बारा वाजून सहा मिनिटे झाली होती. स्वयंपाकघरात, कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या सारम्यांच्या पातेल्याशेजारी मी माझा संगणक उघडला; व्लास्तिमिरने उभ्यानेच आपली किल्ली लावली, मी माझी. पुसणे थांबले. सहाशे चौदा तुकडे गेले होते. पुसताना सर्वांत जुने आधी जातात. म्हणजे रात्रीची पहिली एक्कावन्न मिनिटे.

"दोघं मिळून काय शिजवताय?" तेओदोरा दारात उभी होती.

मी सांगितले. नियम माझा, घाई माझी, हेही सांगितले. तिने हातातला पेला हळूच ओट्यावर ठेवला.

"उरलेला पहिला तुकडा उघडा."

तारा दिसला. तिने त्याच्या तेजाचा आकडा वाचला आणि पुन्हा वाचला.

"परवाच्या चौपट आहे," ती म्हणाली. "चढणं आधीच सुरू झालंय."

"म्हणजे सुरुवात?" व्लास्तिमिरने विचारले.

"सुरुवात गेली."

बाहेर कोणीतरी यजमानाला हाका मारत होते. तो हलला नाही. तिने खुर्ची ओढली.

"हे कसं गेलं, ते तुम्ही लिहायचं, स्रेतेन. माझ्या प्रबंधात, तुमच्या सहीनं. गोलमाल न करता."

"लिहीन."

"आता पुढचा. केंद्रांकडे काही पाठवू नका. इथंच बघू, एकेक."

आठ हजार सव्वीस तुकडे उरले होते, आणि त्यांतला एक सोडला तर बाकी एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता; आजवर मी फक्त ठसेच पाहत आलो होतो. माझे बोट कळीवर टेकले आणि तिथेच राहिले. शेवटी कळ तिनेच दाबली.